मिरी

सकाळी सातला क्लांगमध्ये ऊन अजून ओलसर असतं.
पुलाखालच्या या दुकानात मात्र
चुली पहाटे तीनपासून जाग्या.
बा कुत ते. मांस, हाड, चहा.
नावात चहा, पातेल्यात नाही.
पातेल्यात काढाच म्हणायचा: काळा, दाट,
चक्रीफूल, दालचिनी, ज्येष्ठमध,
कडवट दांगग्वेईची मुळी,
आणि लसणाचे अख्खे गड्डे, इतके शिजलेले
की काडी लागताच पाकळी सालीतून सटकते.

चहा वेगळा. तो टेबलाशेजारी,
गॅसवर खदखदणाऱ्या किटलीतला.
बाबा आधी कपांना आंघोळ घालतात,
पहिलं पाणी ओतून देतात,
मग माझा कप भरतात, मग स्वतःचा.
एकतीस वर्षं बंदरातली क्रेन चालवलेला हात,
थेंब सांडत नाही.

याच टेबलावर एका घोटात सांगायचे ते,
आज मुळी कमी पडली,
आज मांस गुरुवारचं आहे.
स्वी ल्यानचा नवरा होता तेव्हा
दोनदा भांडला त्यांच्याशी,
आणि दोन्ही वेळा आत जाऊन
गुपचूप मुळी टाकून आला.

श्रावण नाही, उपास नाही, डॉक्टरची मनाई नाही,
नुसता एक ताप आला जूनमध्ये
आणि जाताना वास घेऊन गेला.
बाबा बोलले नाहीत कुणाला.
मला कळलं ते सोयादुधामुळे.
नासलेलं होतं, घरभर आंबूस,
आणि ते मग संपवून पेपर चाळत बसले होते.

वाडगी आली.
बरगड्या, एक पायाचा तुकडा, जाडी कातडी थरथरती.
तळलेल्या कांद्याचा भात,
यू च्या कापून, तोफूचे फुगे रश्शात बुडालेले,
खारवलेल्या मोहरीच्या पानांची बशी.
बाबांनी वाडगं दोन्ही हातांनी उचललं,
वाफेत चेहरा धरला, पूर्वीसारखाच,
जरा जास्त वेळ.
घोट घेतला.
म्हणाले, "आज मिरी जास्त पडलीय."

या दुकानात मिरी नसते.
कधीच नव्हती.
मिरी ती सिंगापूरवाल्यांची, त्यांचं ते पांढरं पाणी,
त्यावरून बाबांनी माझ्या आतेभावाशी
लग्नाच्या मांडवात वाद घातला होता.

स्वी ल्यान तिथेच उभी होती,
खांद्यावर टॉवेल, हातात शेजारच्यांची बशी.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी मिरचीकडे पाहिलं.
"हो ना, हुआटदादा," ती म्हणाली,
"हात सुटला माझा आज. थांबा."

रिकामं वाडगं घेऊन गेली,
त्याच पातेल्यातून, त्याच पळीने
भरून आणलं.
बाबांनी प्यायलं. डोळे मिटून.
"हं. आता कसं!"
शेजारच्या टेबलावरचा पोरगा
मान वर करून बघू लागला,
तिने त्याला रागावून विचारलं, भात हवाय का अजून.

मग ते नीट जेवले.
बोटभर तिखट लाल मिरची
ठेचलेल्या लसणात, काळ्या सोयात कालवली,
हाड त्यात घोळवलं,
कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं.
तेवढं अजून पोचतं त्यांच्यापर्यंत, जळणं.
यू च्याचा शेवटचा तुकडा माझ्या रश्शात बुडवला,
माझ्याच, न विचारता.

बिलात मोहरीची पानं नव्हती.
मी म्हटलं, एक राहिलंय.
स्वी ल्यान म्हणाली, मला हिशोब शिकवू नकोस,
आणि सुटे पैसे मोजत बसली,
बराच वेळ, सात रिंगिट.

गाडीत खिडक्या बंद. सिग्नलला थांबलो.
बाबांनी शर्टाची बाही नाकाशी नेली,
परत खाली ठेवली.
"शर्टाला वास लागलाय ना गं?"
"लागलाय," म्हटलं, "आई ओरडेल."
हे मात्र खरं होतं.
ते केवढे खूश झाले.